पडदा काळा पडला म्हणजे कार्ड जळाले असे नव्हे

विहिरीवरची मोटार बंद पडली तर आपण ती लगेच वर ओढून रिवाइंडिंगला धाडीत नाही. आधी तिन्ही फेज आलेत का पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर. घरातल्या कॉम्प्युटरला मात्र हा न्याय मिळत नाही. पडदा काळा दिसला की ‘ग्राफिक्स कार्ड गेले’ असा निकाल लागतो आणि मोटारसायकलवर डबा बांधून स्वारी सटाण्याला, नाही तर थेट नाशिकला निघते.

बागलाणात सुटे भाग निवडून दुकानातून जोडून आणलेले कॉम्प्युटर आता खेड्यांतही दिसतात. कोणाचा मुलगा लग्नाचे व्हिडिओ तयार करतो, कोणाची मुलगी इंजिनिअरिंगचे आराखडे काढते. अशा यंत्रात पडद्यावर चित्र उमटविणारा वेगळा भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. बहुधा तोच सर्वांत महाग. तेव्हा नवे कार्ड घेण्यापूर्वी अर्धा तास तपासणीला द्यावा.

पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे आली तर पडदा जिवंत आहे, चित्र त्याच्यापर्यंत पोचत नाही एवढेच. पडद्याच्या बटणाने योग्य खाच निवडली आहे का ते पाहावे आणि शेजाऱ्याकडची वायर लावून बघावी. नंतर डब्याची मागची बाजू पाहावी. तेथे वायर लावण्याच्या जागा दोन ठिकाणी असतात. वर, कीबोर्डच्या खाचांजवळची जागा मदरबोर्डची. खालची आडवी पट्टी कार्डाची. वायर कार्डालाच हवी. तालुक्यातील एका घरी साफसफाईनंतर ती वरच्या खाचेत गेली आणि यंत्र दोन दिवस मुके राहिले. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असते, त्यात चित्राची स्वतःची सोय नसते. वरच्या खाचेतून मग काही येणार कसे?

एवढ्याने भागले नाही तर डबा उघडावा. प्लग काढून चालू करण्याचे बटण एकदा दाबावे, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. डब्याच्या पत्र्याला हात लावून मगच आतल्या भागांना शिवावे. रॅमची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवावी. पुष्कळदा रोग एवढाच असतो. कार्डही खाचेच्या टोकाची खिट्टी सोडवून काढावे आणि परत बसवावे. कार्डाच्या खाचेतून फार तर ७५ वॅट वीज मिळते. मोठ्या कार्डाला पॉवर सप्लायमधून वेगळी वायर लागते. ती सैल असली तर चित्र येत नाही.

कांद्याचा पाला, खळ्यावरची धूळ आणि गोठ्यातला भुसा पंख्यांत अडकतो आणि कार्ड तापते. सुक्या मऊ ब्रशने झाडावे. ब्लोअर वापरल्यास पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. ओले फडके मुळीच नको, तोंडाने फुंकरही नको, थुंकीचा ओलावा आत जातो.

डाळिंबावर डाग दिसला की तेल्या समजून फवारणी करणारे आपल्यात थोडे नाहीत. येथेही लक्षण ओळखावे. सुरुवातीला कंपनीचे चिन्ह दिसून नंतर पडदा काळा होत असेल तर दोष बहुधा ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालविणाऱ्या प्रोग्रॅमचा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणे एकदम दाबून बघावीत. ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. तेवढ्याने न सुधारल्यास तो काढून नवा घालावा. साध्या कामात ठीक, पण भारी कामात यंत्र बंद पडते, तेव्हा उष्णता किंवा अपुरा पॉवर सप्लाय यांचा संशय घ्यावा. मात्र वायर आणि पडदा बदलूनही अगदी पहिल्या क्षणापासून रंगीत पट्टे वा चौकटी दिसत असतील, तर कार्डच बिघडले असण्याची शक्यता मोठी.

खात्रीचा उपाय म्हणजे ते कार्ड दुसऱ्याच्या चालू यंत्रात लावून पाहणे. त्या यंत्राचा पॉवर सप्लाय तेवढा दमदार आहे ना, हे आधी विचारावे. तेथे चित्र आले तर कार्डाचे पैसे वाचले.

जोडणीच्या यंत्रात प्रत्येक भागाची गॅरंटी निरनिराळी असते. दुकानदाराकडून प्रत्येक भागाचा नंबर लिहिलेले पक्के बिल घ्यावे आणि कार्डाचा खोका माळ्यावर जपून ठेवावा.