शुक्राणूंची शर्यत? कुणी लावली?

कोट्यवधी शुक्राणू सुटले, सगळ्यांत जोरात पोहणारा पहिला आला, स्त्रीबीज फोडून आत घुसला आणि जिंकला. व्हॉट्सॲपवरच्या प्रेरणादायी संदेशांत ही कथा हमखास असते. ऐकायला झकास आहे, पण तिच्यातलं फारसं काही खरं नाही.

शुक्राणू स्वतःच्या बळावर मिनिटाला जेमतेम दोन-चार मिलिमीटर सरकतो. बीज जिथे भेटतं ते बीजवाहिनीचं रुंद टोक पंधराएक सेंटिमीटरवर. नाकासमोर पोहला तरी त्याला अर्ध्या तासाहून जास्त वेळ हवाच. तरीही काही शुक्राणू पाच-दहा मिनिटांतच बीजवाहिनीत पोहोचलेले आढळतात. त्यांना गर्भाशयाच्या आकुंचनांनी वर नेलेलं असतं. पोहण्याचं श्रेय फार थोडं.

शिवाय इतक्या लवकर पोहोचून उपयोग नाही, कारण ताज्या शुक्राणूला फलन जमतच नाही. स्त्रीच्या शरीरात काही तास मुरल्यावर त्याच्या पटलातलं कोलेस्टेरॉल कमी होतं, शेपटीचे फटकारे जोरकस होतात आणि मगच तो कामाचा ठरतो. १९५१ मध्ये अमेरिकेत एम. सी. चँग आणि ऑस्ट्रेलियात कॉलिन ऑस्टिन यांनी हे स्वतंत्रपणे दाखवून दिलं. हे कळल्यावर शरीराबाहेरच्या फलनाची वाट मोकळी झाली. टेस्ट ट्यूब बेबी त्यानंतरची. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अशी एक बेबी १९८६ साली जन्मली.

शुक्राणू पाच दिवसांपर्यंत तग धरतात, बीज मात्र बाहेर पडल्यावर फार तर दिवसभर. म्हणून सोमवारच्या संबंधातून गुरुवारी फलन होऊ शकतं. आधी आलेल्यांनी बीजाची वाट बघत थांबायचं, अशी ही ‘शर्यत’!

आता ते ‘फोडून घुसणं’. बीजाभोवतीचं जाड आवरण पार करणं शुक्राणूला भागच असतं, पण तेवढ्याने काम होत नाही. जपानमध्ये २००५ साली शुक्राणूवरचं एक प्रथिन सापडलं. शास्त्रज्ञांनी हौसेने त्याला लग्नगाठी जुळवणाऱ्या देवाच्या देवळाचं, इझुमोचं नाव दिलं. हे प्रथिन नसलेले उंदरांचे शुक्राणू आवरणातून आत जातात आणि तिथेच अडकतात. बीज त्यांना सामावून घेत नाही. इझुमोला धरणारं बीजावरचं प्रथिन, जुनो, इंग्लंडमधल्या सँगर संस्थेत २०१४ मध्ये हाती लागलं. ते नसलेल्या उंदराच्या माद्या वांझ निघाल्या. पकड दोन्ही बाजूंनी लागते.

एकदा मीलन झालं की बीज झपाट्याने दार लावून घेतं. उंदरांमध्ये जुनो सुमारे चाळीस मिनिटांत पृष्ठभागावरून नाहीसं होतं आणि बाहेरचं आवरणही बदलतं, त्यामुळे मागून आलेल्यांना थारा मिळत नाही. बीजाची स्वतःची अर्धवट राहिलेली विभागणीही शुक्राणू आत आल्यावरच पुरी होते. आणि हो, शेपटी बाहेर गळून पडते हेही खरं नाही. माणसात ती आत जाते. तिच्यातल्या वडिलांकडच्या मायटोकाँड्रियांची मात्र बीज विल्हेवाट लावतं.

शर्यतीच्या कथेला एक वाईट फांदी फुटली आहे. वाय गुणसूत्र नेणारे शुक्राणू हलके, म्हणून जोरात पोहतात, असं सांगून ‘मुलगा होण्यासाठी’ तारखा काढून देणारे अजून भेटतात. संगणकाच्या मदतीने शुक्राणूंचा वेग मोजून पाहिला गेला आहे. एक्सवाले आणि वायवाले, दोघेही सारख्याच चालीने पोहतात.