धंद्यात येण्याआधी ती काय करत होती?

बाई धंद्याला लागली म्हटलं की लोक दोनच गोष्टी धरून चालतात: कुणीतरी फसवून विकली, नाहीतर तीच 'तसली'. सिनेमांनाही या दोन्ही फार आवडतात. त्याआधी तिचं पोट कशावर चालत होतं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

रोहिणी सहानी आणि व्ही. कल्याण शंकर या पुण्यातल्या अभ्यासकांनी ते विचारलं. २०११च्या त्यांच्या पाहणीत १४ राज्यांतल्या सुमारे तीन हजार स्त्रिया होत्या. त्यांतल्या कितीतरी जणी आधी धुणीभांडी, शेतमजुरी, बांधकामावरची कामं करून आलेल्या. काहींचं दोन्ही एकदमच चालू होतं. म्हणजे कष्टाची कामं माहीत नव्हती म्हणून नव्हे, तर त्या मजुरीत भागत नव्हतं म्हणून.

मग गरिबी हेच कारण? तेही अपुरंच. गरीब बायका लाखोंनी आहेत, सगळ्या काही या वाटेला जात नाहीत. लहान वयात लग्न, नवऱ्यानं टाकलेलं, नावावर गुंठाभर जमीन नाही, पदरात पोर आणि डोक्यावर कर्ज, असं एकावर एक साचत जातं. वाट दाखवणारा नेहमी अनोळखी दलालच असतो असंही नाही. अनेकदा ती आधीच धंद्यात असलेली ओळखीची बाई असते.

फसवणूक होतेच. नोकरीचं, लग्नाचं आमिष दाखवून मुली विकल्या जातात, आणि अठराच्या आतल्या मुलीच्या संमतीला कायद्यात काही अर्थच नाही. पण प्रत्येक बाईला त्याच रांगेत बसवलं की खरी विकलेली मुलगी शोधणंही अवघड होतं.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात, सांगली-कोल्हापूरपासून सौंदत्तीपर्यंत, या कारणांत जातही मोजावी लागते. यल्लम्मा देवीला देवदासी म्हणून सोडलेल्या मुली बहुतेक दलित घरांतल्या. मुंबई प्रांतानं १९३४ सालीच या प्रथेविरुद्ध कायदा केला होता, तरी महाराष्ट्राला २००५ मध्ये पुन्हा करावा लागला.

आणि धंदा करणं हाच गुन्हा, हा समज तर पक्का रुजलेला. १९५६च्या कायद्यानं कुंटणखाना चालवणं, दलाली, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे ठरवले. सज्ञान बाईनं स्वखुशीनं धंदा करणं हा नव्हे. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हेच सांगून सुधारगृहात ठेवलेल्या तीन तरुणींना सोडायला लावलं. १९ मे २०२२ला सर्वोच्च न्यायालयानं, छाप्यात अशा बायकांना अटक करू नका, दंड करू नका असं बजावलं आणि पत्त्याचा पुरावा नसला तरी त्यांना आधार कार्ड द्यायला सांगितलं.