कावेरीकाठी घर घेताना

परदेशातील नोकरी संपवून कुंभकोणमजवळील तिरुनीलक्कुडीसारख्या शांत गावी कायमचे राहावयास यावे, असे एखाद्या मराठी कुटुंबास वाटले तर नवल नाही. व्यंकोजीराजांच्या मागोमाग सतराव्या शतकात कितीतरी मराठी घराणी या तंजावर मुलखात येऊन इथलीच झाली होती.

अडचण निर्माण होते ती घरालगतच्या भातशेतामुळे. विकणारा बहुधा दोन्ही एकत्रच देऊ करतो. मात्र १९९९ च्या ‘फेमा’ कायद्यान्वये अनिवासी भारतीयास किंवा ओसीआय कार्डधारकास घर वा दुकान विकत घेता येते. शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस नाही. वारसाने आलेले शेत अनिवासी भारतीयास ठेवता येते. विकावयाचे झाल्यास ते भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकासच विकावे लागते.

म्हणून घराची जागा ‘नत्तम’, म्हणजे आपल्याकडील गावठाण, आहे ना, हे पट्ट्यावरून आधी पाहावे. या भागात देवस्थानच्या जमिनीवर उभी असलेली घरेही असतात. तेथे भिंती व छप्पर आपले होते. खालची भूमी मात्र देवाचीच राहते! अशा भूमीच्या विक्रीस तमिळनाडूच्या १९५९ च्या धर्मादाय कायद्याप्रमाणे पूर्वपरवानगी लागते. बोजाच्या दाखल्यावर ही बाब दिसेलच असे नाही; स्थानिक वकिलाकडून मूळ दस्त वाचून घेणे श्रेयस्कर.

रक्कम परदेशातून बँकेमार्फत किंवा एनआरई, एनआरओ अथवा एफसीएनआर खात्यातूनच द्यावी. परकीय चलनाच्या नोटा येथे चालत नाहीत.