नागसेनवनाचे सोबती आणि एक उन्हाळा

उन्हाळा लागला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्या सहलींच्या जाहिरातींनी भरून जातात. सोबत आठवणींचे लेखही येतात. मामाचे गाव, आमराई, पन्हे, अंगणात टाकलेली गाद्यांची रांग. हे सारे वाचताना मला दरवर्षी एकच प्रश्न पडतो. हा उन्हाळा नेमका कोणाचा? आमच्या पिढीलाही मामा होता, पण त्याचे घर गावकुसाबाहेर होते. आमराईही होती, पण ती दुसऱ्याची. तिथे आम्ही जायचो ते राखणीला. आमच्या वस्तीत उन्हाळा म्हणजे पाणी. आपला आड आटला की वरच्या विहिरीवर घागर घेऊन ताटकळत बसायचे आणि कोणाला दया आली तर वरून ओतलेले पाणी घ्यायचे. महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब गेले तो दिवस २० मार्च १९२७. उन्हाच्या तोंडावरचा दिवस. त्या ओंजळीचे मोल ज्याच्या आईने घागर घेऊन वाट पाहिली आहे, त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तरीही वाचकहो, माझ्याजवळ उन्हाळ्याची एक चांगली आठवण आहे. मामाच्या गावाची नव्हे, मित्राच्या गावाची. आणि त्या आठवणीला लागून एक अपराधही आहे. आज दोन्ही सांगायचे ठरवले आहे.

१९७३ साली मी खानदेशातल्या एका खेड्यातून औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालयात आलो. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे हे महाविद्यालय बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राजवटीतून नुकताच बाहेर पडला होता. उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हतीच, आणि आपल्या मुलांना तर नव्हतीच नव्हती. अशा वेळी त्या उजाड माळावर बाबासाहेबांनी नागसेनवन उभे केले. राजा मिलिंदाने प्रश्न विचारावेत आणि भिक्खू नागसेनाने उत्तरे द्यावीत, त्या संवादाचे नाव त्यांनी आपल्या शिक्षणसंस्थेला दिले. इमारतींइतकीच काळजी त्यांनी झाडांची घेतली. त्या झाडांच्या सावलीत बसून आम्ही शिकलो.

वसतिगृहाच्या एका खोलीत आम्ही चौघे होतो. एक बीड जिल्ह्यातला, एक जालन्याकडचा, एक बुलढाण्याचा आणि मी. शिष्यवृत्ती वेळेवर कधीच यायची नाही. चौघांत मिळून दोन धड शर्ट होते. ज्याची तोंडी परीक्षा असेल त्याने चांगला शर्ट घालायचा, असा आमचा ठराव होता. मेसमध्ये एकाचे नाव थकबाकीत लागले की तिघांच्या ताटांत चौथा जेवायचा. याला त्याग म्हणतात हे आम्हाला ठाऊकही नव्हते.

मे महिना आला की मेस बंद व्हायची. १९७४ च्या मे महिन्यात मला घरी जाण्यात अर्थ नव्हता. घरचे सगळे कामासाठी सुरतेकडे गेले होते. बीडचा मित्र म्हणाला, "चल माझ्या गावाला." एसटीने अर्धा रस्ता आणि उरलेला पायी, असे आम्ही दुपारच्या उन्हात त्याच्या वस्तीवर पोचलो. दाराला कडी होती. त्याची माय पाझर तलावाच्या कामावर गेली होती. १९७२ च्या दुष्काळात तिने खडी फोडली होती, सुकडी खाऊन दिवस काढले होते. दुष्काळ सरला तरी तिच्या हातातली पाटी सुटली नव्हती.

संध्याकाळी माय आली. डोक्यावर चुंबळ, पायांवर पांढरी माती. मला पाहून तिने नाव, गाव काही विचारले नाही. "भुकेजला आसंल लेकरू," एवढेच म्हणाली आणि घागर उचलून निघाली. वरच्या विहिरीवर ती जायची नाही. नदीच्या वाळूत झिरा उकरून, वाटीवाटीने पाणी भरून आणायची. दिवसभर माती वाहिलेली बाई त्या अंधारात आमच्या अंघोळीचे पाणी आणायला गेली होती. मित्र आणि मी मागे धावलो, तर म्हणाली, "तुमी पुस्तकं उचला. घागर मला उचलू द्या."

त्या घरी मी वीस दिवस राहिलो. मायबरोबर कामावर जाऊन आम्ही दोघांनी पाट्याही उचलल्या. ज्वारीची भाकरी, ठेचा, कधी तरी अंबाडीची भाजी. रात्री अंगणात पडून मित्र मला पुढचे बेत सांगायचा. माझ्या आयुष्यातली उन्हाळ्याची सुट्टी म्हणाल तर ती तीच.

दुसरी आठवण १९७६ ची. बी.ए.ची शेवटची परीक्षा झाली आणि चौघांनी अजिंठ्याला जायचे ठरवले. माझी जळगावहून येणारी एसटी तीन वर्षे फर्दापूरवरूनच जायची. लेणी तिथून हाकेच्या अंतरावर. पण मध्ये उतरले की पुढचे तिकीट नवे काढावे लागायचे, म्हणून मी कधी उतरलो नव्हतो. त्या वेळी उतरलो. रात्र एसटीच्या थांब्यावर काढली आणि सकाळी वाघूर नदीच्या कडेने चालत गेलो. घोड्याच्या नालासारखा तो कडा, त्यात कोरलेली लेणी. इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ शिकारीला आला असता त्याला ती दिसली, तेही १८१९ च्या एप्रिलमध्ये. म्हणजे उन्हाळ्यातच. सव्विसाव्या लेण्यात बुद्धाचे महापरिनिर्वाण कोरले आहे. त्या पहुडलेल्या मूर्तीपुढे आम्ही चौघे ओळीने बसलो. कुठलीही शपथ घेतली नाही. पण आता आपण सुटणार नाही, असे प्रत्येकाला वाटले होते एवढे नक्की.

आम्ही सुटलो, आणि तेही कोणत्या कारणाने, ते लिहायला आज लाज वाटते.

नोकरीनिमित्त मी कल्याणला आलो. बीडचा मित्र शिक्षक झाला. नामांतराच्या लढ्यात आम्ही दोघेही होतो, आपापल्या ठिकाणी. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने ठराव केला, मराठवाड्यात वस्त्या पेटल्या, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. सोळा वर्षे समाज एका मागणीसाठी एक होता. पण याच काळात आपल्या पक्षाचे किती तुकडे झाले, हे वाचकांना मी सांगायला नको. मित्र एका गटात गेला, मी दुसऱ्या. १९९० च्या सुमारास एका सभेत बोलता बोलता मी स्टेजवरून त्याचे नाव घेतले आणि तो विकला गेला आहे असे म्हणालो. टाळ्या पडल्या. तो समोर तिसऱ्या रांगेत बसला होता. उठून निघून गेला.

ज्याच्या मायने मला झिऱ्याचे पाणी पाजले, त्याला मी विकला गेलेला म्हणालो. माझ्याकडे पुरावा काय होता? काही नव्हता. वरून कोणीतरी सांगितले होते.

पुढे १९९६ च्या उन्हाळ्यात माय गेली. निरोप मला मिळाला होता. जलदान विधीला जायला दोन दिवस हातात होते. मी गेलो नाही. त्याच्या गटाचे लोक असतील, काही बोलतील, आपला अपमान होईल, असली कारणे मी मनाशी जुळवली. आणि गंमत अशी की ज्या नेत्यांसाठी आम्ही एकमेकांचे तोंड पाहणे सोडले, ते नेते मधल्या काळात कितीदा तरी एका स्टेजवर आले, एकत्र चहा प्यायले, पुन्हा वेगळे झाले. अबोला धरून बसलो ते आम्ही कार्यकर्ते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बुलढाण्याचा मित्र गेला. कोणालाच जाता आले नाही. जालन्याच्या मित्राने फोनवर रडत सांगितले, "चौघांतले तिघं उरलो रे. आता तरी शहाणे व्हा." तरी शहाणे व्हायला आणखी तीन वर्षे लागली. २०२४ च्या मे महिन्यात त्याचा पुन्हा फोन आला. "बुद्धजयंतीला ये. तोही येतोय. त्याचे गुडघे गेलेत, बायपास झालीय. पुढच्या वर्षीचं मी सांगू शकत नाही."

मी निघालो. पूर्वी मनमाडला उतरून मीटरगेजची गाडी धरावी लागायची, आता गाडी थेट जाते. मतदान आटोपले होते, निकाल ४ जूनला लागायचा होता. डब्यात सगळीकडे तीच चर्चा. माझ्या मनात मात्र एकच घोर, पहिले वाक्य काय बोलायचे?

२३ मे, वैशाख पौर्णिमा. संध्याकाळी नागसेनवनात झाडाखाली तो बाकावर बसलेला दिसला. काठी शेजारी. मी समोर जाऊन उभा राहिलो. पाठ केलेले एकही वाक्य तोंडातून फुटेना. तोच म्हणाला, "जयभीम. बस की. किती वाळलास रे!" मी बसलो. चौतीस वर्षांचा अबोला एवढ्याशा वाक्याने सुटला. आसपास मुले अभ्यास करत होती. कोणी स्पर्धा परीक्षेचा, कोणी पीएच.डी.चा. सुट्टीतही गावी न गेलेली मुले. आम्ही तिघे म्हातारे त्यांच्याकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी अजिंठ्याला गेलो. आता खासगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर थांबवतात आणि पुढे बसने नेतात. पायऱ्यांपाशी डोलीवाले उभे होते. खुर्चीला दांडे बांधलेले, चार माणसे उचलणारी. मित्राला चढवणार नाही हे दिसत होते, म्हणून मी डोली ठरवू लागलो. तो भडकला. "माणसांच्या खांद्यावर बसून बुद्धाकडं जाऊ? डोकं फिरलं का तुझं?" डोलीवाल्यांतला एक पोरगा हळूच म्हणाला, "काका, तुमी बसला नाही तर आमची आजची मजुरी बुडती." मित्र गप्प झाला. त्याची माय पाटी वाहून मजुरीच करायची. मग त्याने तोड काढली. दोघांना पूर्ण मजुरी कबूल केली आणि त्यांचा हात धरून एकेक पायरी चढला. दहा पायऱ्या, मग बसायचे, पाणी प्यायचे. पाणी ते दोघेही आमच्याच बाटलीतून प्यायले.

सव्विसाव्या लेण्यापर्यंत पोचायला दुपार झाली. तीच मूर्ती. उशापायथ्याशी शाल वृक्ष, खाली शोक करणारे भिक्खू. तिघे ओळीने बसलो. चौथी जागा रिकामी. तेव्हा मित्र बोलला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "माय जायच्या आधी दोनदा विचारलं तिनं. खानदेशचं पोरगं आलं का म्हणून. मी म्हणालो, निघालाय, येतोय."

मी काय सांगू, वाचकहो? मी माफी मागितली. सभेबद्दल मागितली आणि मायबद्दलही मागितली. तो म्हणाला, "मी तरी कुठं आलो तुझ्या लेकीच्या लग्नाला? पत्रिका आली होती. फाडून टाकली." जालन्याचा मित्र भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता. डोलीवाली पोरे बाहेर सावलीत आमची वाट पाहत होती.

परतीच्या गाडीत मला दोन गोष्टी आठवत राहिल्या. बाबासाहेब १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले, तेव्हा त्यांचे पारशी मित्र नवल भथेना यांनी त्यांना पैसे उसने दिले होते. कोलंबियात जमलेली ती मैत्री पुढेही टिकली. एवढा मोठा माणूसही मित्राच्या आधाराने पुढे गेला. आणि दुसरी गोष्ट तथागतांची. आनंद म्हणाला, कल्याणमित्र लाभणे म्हणजे अर्धा धम्ममार्ग. तथागतांनी त्याला दुरुस्त केले. अर्धा नाही, तो सगळाच मार्ग आहे. हे प्रवचन मी विहारात किती वेळा ऐकले असेल! पण ऐकणे वेगळे आणि मित्राच्या दारी जाणे वेगळे.

मतभेद नसावेत असे मी म्हणत नाही. विचार करणारी माणसे आहोत, मतभेद होणारच. उद्या मतदानाच्या वेळी माझे आणि त्याचे बटण वेगळे असेल, आम्ही दोघांनी ते हसत कबूलही केले. पण मत वेगळे झाले म्हणून माणूस विकला गेला असे म्हणण्याची जी घाणेरडी सवय आपल्याला लागली आहे, तिने चळवळीचे जेवढे नुकसान केले तेवढे विरोधकांनीही केले नसेल. ऐक्याच्या घोषणा स्टेजवरून खूप झाल्या. ज्याला आपण एका ताटात जेवलेल्या माणसाशी बोलता येत नाही, त्याने ऐक्यावर भाषण देऊ नये. यात मी स्वतःला पहिला धरतो.

मित्र आता आठवड्यातून दोनदा फोन करतो. गुडघ्यांची तक्रार करतो, माझ्या गटावर टीकाही करतो. जुलैमध्ये मी त्याच्या गावी जाऊन आलो. मायचे घर पडले आहे, पण अंगण आहे. नदीला त्या दिवशी पाणी होते. मी ओंजळभर घेतले आणि थोडा वेळ तसाच उभा राहिलो.

तुमचाही असा कोणी सोबती असेल. वसतिगृहातला, वस्तीतला, मोर्चातला. नंबर सापडत नसेल तर शोधा. तो काय म्हणेल याचा विचार करू नका. मी तो चौतीस वर्षे केला, आणि तो काय म्हणाला? "बस की," एवढेच म्हणाला. उन्हाळा आहे, मुलांना सुट्ट्या आहेत, गाड्या सुरू आहेत. उठा आणि जाऊन या. आमची माय वाट पाहत गेली. तुमची अजून असेल.

जयभीम.