चाहत्यांनी घडविलेल्या 'बॉस-लढती' : संगणकीय खेळांची निर्मिती, अनपेक्षित लोकप्रियता आणि स्वामित्वहक्काचा प्रश्न

सारांश
आवडत्या संगणकीय खेळातील पात्रे घेऊन चाहत्यांनी स्वतः तयार केलेल्या खेळांना 'फॅन गेम' म्हणतात. त्यांपैकी केवळ बलाढ्य प्रतिस्पर्ध्याशी होणाऱ्या लढतीवर आधारलेले खेळ आकाराने लहान असूनही काही वेळा मूळ निर्मात्यांच्याही अपेक्षेपलीकडे लोकप्रिय ठरले आहेत. प्रस्तुत लेखात अशा खेळांची रचना, त्यांच्या लोकप्रियतेची कारणे आणि भारतीय कायद्यातील त्यांचे स्थान स्पष्ट करून महाविद्यालयीन प्रकल्पांच्या दृष्टीने विचार केला आहे.

प्रस्तावना
संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून प्रसिद्ध पात्रांचा खेळ सादर केला, तर परीक्षकांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. हे काम नक्कल समजावे की निर्मिती? आणि ते महाविद्यालयाबाहेर प्रसारित करू द्यावे काय? पहिल्या प्रश्नावर विद्यार्थ्याच्या श्रमाचे मूल्य अवलंबून असते, तर दुसऱ्यावर त्याची कायदेशीर सुरक्षितता. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

बॉस-लढत म्हणजे काय?
खेळाच्या टप्प्याअखेरीस येणारा, सामान्य शत्रूंपेक्षा प्रबळ असा प्रतिस्पर्धी म्हणजे 'बॉस'. १९७५ मध्ये अमेरिकेतील 'प्लेटो' संगणक प्रणालीवर तयार झालेल्या 'डीएनडी' या खेळात या कल्पनेचे आरंभीचे रूप आढळते. मात्र कल्पनेचा गाभा आपल्याला अपरिचित नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारची आख्यायिका याचे उत्तम उदाहरण होय. लोणासुर भूमिगत विवरात दडलेला असतो. त्याच्या बहिणींकडून त्या स्थानाचा भेद कळतो. दैत्यसूदन रूपातील विष्णू पायाच्या अंगठ्याने विवराचे झाकण उडवितो आणि मग दैत्याचा वध होतो. दडलेला शत्रू, त्याच्या दुबळेपणाचा शोध आणि योग्य क्षणी केलेला प्रहार हे तिन्ही घटक बॉस-लढतीतही असतात. केवळ बळावर ती जिंकता येत नाही. प्रतिस्पर्ध्याची रीत ओळखावी लागते.

निर्मितीची प्रक्रिया
अशा प्रतिस्पर्ध्याचे वर्तन संगणकशास्त्रात 'स्थिती-यंत्र' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रचनेने नियंत्रित केले जाते. प्रतीक्षा, पूर्वसूचना, हल्ला आणि असुरक्षित अवस्था अशा स्थिती ठरवून एका स्थितीतून दुसरीत जाण्याचे नियम लिहिले जातात. प्रतिस्पर्ध्याची शक्ती निम्म्यावर आली की हल्ल्यांची वेगळी मालिका सुरू करता येते.

यात पूर्वसूचनेचा काळ सर्वांत महत्त्वाचा असतो. दृश्य पाहून प्रतिक्रिया देण्यास माणसाला साधारणतः पाव सेकंद लागतो. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटत असतील, तर हा काळ १५ चित्रांइतका होतो. सूचना यापेक्षा कमी काळ दिसल्यास खेळ कठीण न वाटता अन्यायकारक वाटतो. म्हणूनच खेळाडूच्या पात्रावर आघात मोजण्याचे क्षेत्रही बहुधा त्याच्या चित्राहून थोडे लहान ठेवतात. पात्रे उसनी असली तरी हे गणित उसने मिळत नाही. ते पुनःपुन्हा चाचणी घेऊन साधावे लागते. विद्यार्थ्याच्या कामाचे मूल्यमापन येथेच व्हावयास हवे.

एक बोलके उदाहरण
'मेगा मॅन' आणि 'स्ट्रीट फायटर' या कॅपकॉम या जपानी कंपनीच्या दोन्ही मालिकांचा आरंभ १९८७ मधील. सिंगापूर येथील सिओ झाँग हुई या चाहत्याने दोहोंचा संयोग साधणारा खेळ तयार करण्यास सुरुवात केली. त्यात मेगा मॅनला 'स्ट्रीट फायटर'च्या विश्वातील आठ योद्ध्यांशी लढावे लागते. त्यांत धालसिम हा भारतीय योगीही आहे. पराभूत योद्ध्याचे अस्त्र नायकास मिळते आणि ते दुसऱ्या एखाद्या योद्ध्यावर विशेष परिणामकारक ठरते. त्यामुळे कोणाशी आधी लढावे, हाच खेळाडूपुढील मुख्य प्रश्न बनतो.

२०१२ मध्ये या खेळाचा नमुना कॅपकॉमच्या अमेरिकेतील अधिकाऱ्यास दाखविण्यात आला. कंपनीने तो बंद पाडण्याऐवजी त्यास आर्थिक पाठबळ दिले आणि १७ डिसेंबर २०१२ रोजी 'स्ट्रीट फायटर एक्स मेगा मॅन' या नावाने विनामूल्य प्रसिद्ध केला. एका चाहत्याच्या हौसेतून जन्मलेल्या या खेळाच्या डाउनलोडची संख्या पुढे १० लाखांवर गेली.

या लोकप्रियतेची कारणे समजण्याजोगी आहेत. पात्रे परिचित असल्याने प्रस्तावना लागत नाही. लढत थोडक्यात आटोपते. हरल्यास लगेच पुन्हा प्रयत्न करता येतो आणि खेळासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. शिवाय मूळ मालिकेचा चाहतावर्ग आयताच उपलब्ध असतो.

दुसरी बाजू
प्रत्येक निर्मात्यास असे भाग्य लाभत नाही. अर्जेंटिनातील मिल्टन गुआस्ती यांनी 'मेट्रॉइड २' या खेळाची नवी आवृत्ती अनेक वर्षे खपून तयार केली. ऑगस्ट २०१६ मध्ये ती प्रसिद्ध होताच निन्टेन्डो कंपनीच्या कायदेशीर सूचनांमुळे काही दिवसांतच तिचे वितरण थांबले. त्याच महिन्यात 'पोकेमॉन युरेनियम' या चाहतेनिर्मित खेळावरही तीच वेळ आली. श्रम आणि गुणवत्ता दोन्हीकडे होती. फरक होता तो हक्कधारकाच्या संमतीचा.

भारतीय कायद्यातील स्थान
प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ नुसार संगणक आज्ञावलीचा समावेश साहित्यकृतीत होतो, तर पात्रांची रेखाटने कलाकृती ठरतात. कलम १४ अन्वये रूपांतराचा अधिकार हक्कधारकाकडे असतो. कलम ५२ मधील खाजगी उपयोग व संशोधनासाठीची सवलत संगणक आज्ञावलीस लागू नाही. अध्यापनाच्या ओघात शिक्षक वा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतिकृतीस त्याच कलमात स्वतंत्र सवलत आहे. परंतु तिचा आधार सार्वजनिक वितरणास मिळेल असे समजू नये. खेळ विनामूल्य दिला एवढ्याने उल्लंघन टळत नाही. मात्र आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स (१९७८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कल्पना वा विषय यांवर स्वामित्वहक्क नसतो, त्यांच्या विशिष्ट आविष्कारावर असतो, असे स्पष्ट केले. म्हणजेच बॉस-लढतीची कल्पना सर्वांची आहे. विशिष्ट पात्र, चित्र व संगीत मात्र नाही.

अध्यापनासाठी मार्ग
परिचित कथेची पुनर्रचना करणे मराठी परंपरेस नवे नाही. मोरोपंतांनी एकाच रामकथेवर विविध रचनाबंधांची अनेक रामायणे रचली. त्यांना कोणी नक्कलकार म्हटले नाही. पुराणकथा व लोककथा कोणा एकाच्या मालकीच्या नाहीत. पुणे येथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'राजी : ॲन एन्शियंट एपिक' या खेळात दुर्गा, विष्णू व महाबलासुर यांना स्थान दिले आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या खेळांच्या विभागात त्यास नामांकन मिळाले.

निष्कर्ष
चाहतेनिर्मित खेळ हे शिकण्याचे प्रभावी साधन आहे. त्यास नक्कल म्हणून शून्य गुण देणे अन्यायाचे, आणि धोक्याची कल्पना न देता प्रसारित करू देणे बेजबाबदारपणाचे ठरेल. विद्यार्थ्याने पहिली लढत परिचित पात्रांवर वर्गातच रचावी, त्यातून स्थिती-यंत्र व समतोलाचे गणित आत्मसात करावे. प्रसिद्धीसाठीचा खेळ मात्र स्वतःच्या चित्र-संगीतासह मुक्त कथेवर उभारावा. बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्यास त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. लोणासुराच्या वापरासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही.