टोंचून झालेल्या सुईचें काय?

आम्हांस मधुमेह आहे. दिवसांतून दोनदां इन्शुलिन टोंचून घ्यावें लागतें व प्रत्येक वेळीं सुई नवी. म्हणजे वर्षाकाठीं ७३० सुया एका घरांतून बाहेर पडतात. त्या जातात कोठें, हा प्रश्न, सांगावयास लाज वाटते, आम्हांस नऊ वर्षांत एकदांही पडला नव्हता.

गेल्या श्रावणांत एके सकाळीं कचरा नेणाऱ्या बाई आमची पिशवी उचलतांना एकदम थबकल्या. हातमोज्यांतून सुई करंगळींत शिरली होती. त्या रागावल्या नाहींत. "गुरुजी, तुमच्याच घरची सुई ना? मग भीती कसली!" एवढेंच म्हणाल्या. शरीरांत रुतून राहणाऱ्या वस्तूस संस्कृतांत शल्य म्हणतात आणि मनांत सलणाऱ्या दुःखासही तोच शब्द आहे. जन्मभर तो वर्गांत शिकविला. अर्थ त्या दिवशीं कळला.

जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं धुऊन त्यांना आमच्या डॉक्टरांकडे नेलें. बोट पिळून रक्त काढूं नये, असें त्यांनीं बजावलें. 'बी' काविळीचे विषाणु शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतात. तिच्यावर लस आहे, 'सी' काविळीवर नाहीं. एचआयव्हीची शंका असल्यास औषध ७२ तासांच्या आंत सुरू झालें पाहिजे, हें सर्व तेथें कळलें. बाईंनीं लस कधींच घेतली नव्हती. त्यांचें व आमचें, दोघांचेंही रक्त तपासलें. तें निर्दोष निघालें. पण अहवाल येईपर्यंत घरांत कोणासच अन्न गोड लागलें नाहीं.

आमच्या लहानपणीं डॉक्टर कांचेची पिचकारी व सुई उकळून पुन्हां वापरीत. फेंकण्याचा प्रश्नच येत नसे. आतां ती एकदांच वापरावयाची, म्हणून तिचा अंत्यविधि घरानेंच पाहिला पाहिजे.

पिचकारी टोंचून होतांच सुईसकट जाड प्लॅस्टिकच्या, फिरकीच्या झांकणाच्या रिकाम्या बाटलींत टाकावी. कपडे धुण्याच्या पातळ साबणाची बाटली उत्तम. पाण्याची बाटली चालत नाहीं, तिच्यांतून सुई आरपार जाते. टोपण दोन्ही हातांनीं पुन्हां बसवूं जाऊं नये. बोट टोंचतें तें पुष्कळदां तेव्हांच. पेनाची सुई काढावयाची तर मोठें टोपण मेजावर ठेवून एका हातानें सुई त्यांत खोंचावी. सुई वांकवूं वा मोडूं नये. बाटली तीन चतुर्थांश भरली कीं झांकण चिकटपट्टीनें पक्कें करून वर 'वापरलेल्या सुया' असें ठळक लिहावें. नातवंडांचा हात पोंचणार नाहीं अशा फळीवर ती ठेवावी, हें निराळें सांगावयास नको.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेल्या सुया व पिचकाऱ्या घरगुती घातक कचऱ्यांत घातल्या होत्या. ओल्या वा सुक्या कचऱ्यांत त्यांना जागा नाहीं. परंतु नियम एक आणि दारावर येणारी गाडी दुसरी! वेगळा डबा जेथें फिरत नाहीं तेथें डॉक्टर, रुग्णालय वा प्रयोगशाळा यांना विचारावें. त्यांच्याकडील सुया न भेदणाऱ्या पांढऱ्या पेटींतून वेगळ्या गाडीनें जातात. आमच्या डॉक्टरांनीं प्रथम कुरकुर केली, मग बाटली घेतली.

बाईंची लसीची तिसरी टोंचणी माघांत झाली. तिची सुई पेटींत पडेपर्यंत त्या तेथून हलल्या नाहींत.