‘जठर’ म्हणजे नेमके काय?

‘जठरदाह’ हा शब्द ऐकला की अनेकांचा हात बेंबीकडे जातो. जठर मात्र त्याहून वर, बरगड्यांखाली, डावीकडे असते. घोटाळ्याचे मूळ शब्दातच आहे. संस्कृतात ‘जठर’ म्हणजे उदर, प्रसंगी गर्भाशयसुद्धा. मराठी शरीरशास्त्राने तो अन्नाच्या पिशवीपुरता राखला. आयुर्वेदातील ‘आमाशय’ अधिक बोलका : आम म्हणजे न पचलेले, आशय म्हणजे स्थान. इंग्रजीचीही तीच गत. ‘गॅस्ट्रिक’मधील ग्रीक ‘गास्तेर’ म्हणजे पोट. ‘स्टमक’चे मूळ तर ‘स्तोमा’, म्हणजे चक्क तोंड! त्यामुळे डॉक्टरांना नुसते ‘पोटात दुखते’ सांगून भागत नाही. बेंबीच्या उजवीकडे, खाली दुखत असेल, तर संशय जठराचा नव्हे, अपेंडिक्सचा येतो.